मधमाशी, मुंगी आणि कडुनिंब

रत्नागिरी जिल्ह्यांतील एका वाचकभगिनीचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. घर मोठें, सासूसासरे, दोन दीर, जावा, मुलेंबाळें मिळून चौदा माणसें एका पंक्तीस जेवतात. परसांत तांबड्या भोपळ्याचा वेल आहे, वांगीं आहेत, शेवगा आहे, कुंपणाशीं काजूचीं सातआठ झाडें आहेत. पत्राचें प्रयोजन असें कीं, यंदा भोपळ्यास फुलें भरपूर आलीं, पण फळ धरत नाहीं. फुलाखालचा चिमुकला भोपळा पिवळा पडून गळून जातो. धाकटे दीर ‘वनस्पतिजन्य’ म्हणून एक औषध बाजारांतून आणून रोज सकाळीं नेमानें फवारतात. सासूबाई म्हणतात, शेजाऱ्यांनीं वडावरचें आग्या मोहोळ जाळलें तेव्हांपासून परसांत माशी म्हणून दिसत नाहीं, मग वेलाला फळ येणार कोठून? दिरांचें म्हणणें, औषध झाडपाल्याचें आहे, त्यानें माशीला कांहीं होत नाहीं. वेलावर मुंग्या चढतात, त्याच फुलांचा नाश करतात. यावरून घरांत रोज दोन पक्ष पडतात, तेव्हां आपण निवाडा द्यावा, असें भगिनींनीं लिहिलें आहे.

दुसऱ्याच्या घरच्या वादांत पडूं नये, हें मला समजतें. शिवाय मॅट्रिकपुढें माझें शिक्षण गेलें नाहीं आणि उभा जन्म मुलांकडून शब्दरूपें घोकून घेण्यांत गेला. कीटकशास्त्र हा कांहीं माझा विषय नव्हे. परंतु हा वाद एका घरचा नाहीं. परसें असलेल्या हजारों घरांत तो आज चालू आहे, आणि त्यांत खरें खोटें निवडण्याइतकें ज्ञान शास्त्रज्ञांनीं आपल्यापुढें मांडून ठेविलेलें आहे. तें वाचून जें समजलें तें सांगतों.

प्रथम भोपळ्याचें पाहूं. या वेलावर नरफूल आणि मादीफूल निराळें असतें. लांब सडपातळ देठावर येतें तें नरफूल. ज्याच्या बुडाशीं इवलासा भोपळा असतो तें मादीफूल. वेल कोवळा असतांना आधीं बहुधा नरफुलेंच येतात, म्हणून आरंभीं फळ धरलें नाहीं तर घाबरण्याचें कारण नसतें. पण मादीफुलें येऊन गळूं लागलीं, तर बहुधा त्यांस पराग मिळालेला नसतो. भोपळ्याचे परागकण मोठे व चिकट असतात, ते वाऱ्यानें उडत नाहींत. ते एका फुलांतून दुसऱ्या फुलांत कोणी तरी वाहून न्यावे लागतात. आणि फूल तर पहाटे उमलून दुपारच्या आंत मिटतें. म्हणजे सगळा कारभार सकाळच्या चारपांच तासांत उरकावयाचा. नेमक्या याच वेळीं दिरांचा पंप चालतो! औषध कोणतेंही असो, भिजलेल्या फुलावर माशी बसावी कशी?

परीक्षा सोपी आहे. सूर्योदयाच्या सुमारास एक ताजें नरफूल खुडावें, त्याच्या पाकळ्या काढाव्या आणि मधला पिवळा दांडा मादीफुलाच्या मध्यभागीं हलकेच फिरवावा. चारपांच फुलांवर असें करून त्यांस दोरा बांधून ठेवावा. दोरा बांधलेलीं फळें वाढूं लागलीं आणि बाकीचीं गळालीं, तर वेलास रोग नाहीं, माशांचा तुटवडा आहे, हें घरांतल्या लहान मुलासही पटेल. या बाबतींत माझा कौल सासूबाईंकडे आहे. एवढेंच कीं, दोष सगळा त्या जळालेल्या मोहोळाचा नसावा.

आपल्याकडे मध गोळा करणाऱ्या माशा एका जातीच्या नाहींत. उंच झाडावर किंवा कड्यावर एकच मोठें उघडें पोळें लोंबतें तें आग्या मोहोळ. झाडाच्या ढोलींत किंवा भिंतीच्या कपारींत सात-आठ समांतर पोळीं लावते ती सातेरी. पेटींत पाळतां येते ती हीच. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढें पोळें बांधते ती फुलोरी. आणि भिंतीच्या भोंकांत राळ-मेणाची नळी काढून राहणारी, नांगी नसलेली, डांसाएवढी बारकी माशी निराळीच. तिला कोंकणांत पोयाची माशी म्हणतात. आमच्या जुन्या वैद्यांच्या नजरेंतूनही हा भेद सुटला नव्हता. चरकानें मधाचे चार प्रकार सांगितले, सुश्रुतानें आठ. आणि माक्षिक, भ्रामर, क्षौद्र, पौत्तिक हीं नांवें त्या त्या माशीवरूनच पडलीं. अमरकोशांत भ्रमरास ‘षट्पद’ म्हटलें आहे. कीटकास पाय सहा, आठ नव्हेत, हें आधुनिक शास्त्राचें पहिलें लक्षण आमच्या कोशकारांनीं नांवांतच घालून ठेविलें. (मुलें मात्र ‘द्विरेफ’ शब्दावर अडखळत. ‘भ्रमर’ या शब्दांत रकार दोन, म्हणून तो द्विरेफ, असें सांगितलें कीं वर्गांत हमखास हंशा पिके.)

पण येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. काव्यांतला भ्रमर म्हणजे मधमाशी नव्हे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत शकुंतलेभोंवतीं पिंगा घालणारा जो आहे तो मोठा काळा भुंगा धरावा हेंच बरें. वाड्याच्या तुळईंत सुरेख गोल भोंक पाडून आंत घर करतो तो हाच. त्यास पाहतांच बायकामाणसें केरसुणी घेऊन धांवतात. पण वांग्याचें फूल जरा निरखून पाहावें. त्याचे परागकोश बाजूंनीं उलत नाहींत. टोकाशीं बारीक छिद्र असतें, मिठाच्या डबीला असतें तसें. भुंगा त्या फुलास पायांनीं धरतो आणि अंगाचा थरकांप करून असा गुणगुणतो कीं पराग आपोआप झडून त्याच्या अंगावर पडतो. ही युक्ति मधमाशीस साधत नाहीं. तेव्हां तुळईचें भोंक सोसवत नसेल, तर परसाच्या कोपऱ्यांत एखादा जुना वाळका ओंडका किंवा पोकळ बांबू टाकून ठेवावा.

मधमाशीच्या संशोधनांत कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाचें नांव मोठें. फुलांचा ठाव लागलेली माशी पोळ्यावर परत येऊन नाचते, आणि त्या नाचानें बाकीच्यांस दिशा व अंतर कळवते, हें त्यानें वर्षानुवर्षें माशांच्या पाठीवर रंगाचे ठिपके देऊन सिद्ध केलें. उभ्या पोळ्यावर सरळ वर तोंड करून नाचली तर फुलें सूर्याच्या दिशेस. उजवीकडे कलून नाचली तर सूर्याच्या तितकीच उजवीकडे. आणि शेंपूट हलवीत सरळ धांवण्यास जितका वेळ अधिक, तितकें अंतर अधिक. अंधाऱ्या ढोलींत, सूर्य दिसत नसतांना, सूर्याच्या कोनाचें भाषांतर उभ्या रेषेच्या कोनांत करणारा हा एवढासा जीव! १९७३ सालीं फ्रिश यास दुसऱ्या दोघां शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. त्याचा शिष्य लिंडाउअर १९५० नंतरच्या दशकांत सिंहलद्वीपीं येऊन आपल्याकडील जाती पाहून गेला. फुलोरी माशी पोळ्याच्या सपाट माथ्यावर नाचते आणि तेथून सरळ फुलांकडेच तोंड करते, हें त्यानें दाखविलें. अर्थात् फुलोरीची भाषा जुनी व सोपी. सातेरीची तिच्याहून अवघड.

सातेरीचें पालन महाबळेश्वराच्या डोंगरांत पुष्कळ वर्षें चालत आलें आहे, आणि त्याच भागांतील मांघर हें गांव २०२२ मध्यें ‘मधाचें गांव’ म्हणून जाहीर झालें. पुण्यास १९६२ मध्यें मधमाशीसंशोधनाची मध्यवर्ती संस्थाही निघाली. पण या माशीवर संकटेंही आलीं. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिणेंत एका विषाणूनें सातेरीच्या अळ्या पिशवीसारख्या फुगून मरूं लागल्या आणि केरळ, तामिळनाडू, कर्नाटक येथील असंख्य पेट्या रिकाम्या झाल्या. म्हणून म्हटलें, माशा कमी दिसल्या तर कारण एकच धरून चालूं नये.

आतां मुंग्यांकडे वळूं. दिरांचा त्यांवरील राग बराचसा अस्थानीं आहे. भोपळ्याच्या वेलावर मुंग्यांची रांग दिसली तर पान उलटें करून पाहावें. बहुधा मावा आढळेल. मावा झाडाचा रस शोषून मागच्या अंगानें गोड चिकटा टाकतो, आणि मुंगी तो चाटण्यास येते. गवळी गाय राखतो तशी ती माव्याची राखणही करते. तेव्हां रोग मावा, मुंगी ही केवळ वर्दी देणारी.

मुंग्यांविषयीं सुशिक्षितांतही गैरसमज फार. उदाहरणार्थ, वारूळ मुंग्यांचें असें सर्रास म्हणतात. तें बांधते वाळवी, आणि वाळवीचें गोत्र मुंगीचें नसून झुरळाचें आहे, असें आतांचे शास्त्रज्ञ सांगतात. वाल्मीकि ऋषींवर वाढलें तें वाळवीचेंच घर. मुंगीचें नातें गांधीलमाशीशीं आणि मधमाशीशीं. या देशांतील मुंग्यांची ओळख करून देणारे प्रथमचे लोक बहुतेक परके साहेब. त्यांत रॉटन नांवाच्या, आपल्याच मुंबई इलाख्यांतील वनखात्याच्या एका अधिकाऱ्यानें १८९२ मध्यें मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत ‘आपल्या मुंग्या’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला. आज हें काम आपलीं माणसें करीत आहेत. कलकत्त्याजवळच्या ‘आयसर’ संस्थेंत सुमना अन्नगिरी आणि त्यांचे विद्यार्थी ‘डायकॅमा’ नांवाच्या काळ्या मुंगीचा अभ्यास करतात. या मुंगीच्या कुळांत निराळी राणी जन्मास येतच नाहीं. कामकऱ्यांपैकींच एक अंडीं घालते. घर बदलण्याची पाळी आली म्हणजे वाट ठाऊक असलेली मुंगी दुसरीस पाठीशीं लावून घेते, आणि मागची पुढचीस स्पर्श करीत करीत नव्या घरीं पोंचते. अशा रीतीनें एकेक करून सगळें कुटुंब हलवितात. चौदा माणसांचें बिऱ्हाड हलविलेल्यांस यांतले श्रम समजतील.

भगिनींच्या काजूंवर ज्या तांबड्या मुंग्यांचीं पानांचीं घरटीं असतील, त्यांस मालवणाकडे व गोव्यांत हुमले म्हणतात. पानें जोडण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. शेंकडों मुंग्या सांखळी करून दोन पानांच्या कडा जवळ ओढून धरतात. मग दुसऱ्या कांहीं मुंग्या आपल्या अळ्या तोंडांत धरून आणतात आणि त्यांच्या तोंडांतून निघणाऱ्या रेशमानें पानें शिवतात. मोठ्या मुंगीस रेशीम काढतां येत नाहीं. अळी म्हणजे त्यांचा धोटा. चीनमध्यें या मुंग्यांचीं घरटीं बाजारांत विकत घेऊन संत्र्या-मोसंब्यांच्या बागांत सोडीत, असा उल्लेख इ. स. ३०४ मधल्या समजल्या जाणाऱ्या एका चिनी वनस्पतिग्रंथांत आहे. पुढें पुढें तर एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्यास त्यांच्यासाठीं बांबूचे पूल बांधीत. एका किड्याकडून दुसऱ्याचा बंदोबस्त करण्याचें याहून जुनें लेखी उदाहरण सांपडत नाहीं. अलीकडे ऑस्ट्रेलियांत पेंग आणि क्रिश्चियन या संशोधकांनीं काजू व आंब्याच्या बागांत हाच प्रयोग केला, आणि हुमले असलेल्या काजूवर ढेकण्याचा उपद्रव कमी राहतो असें दाखविलें. ढेकण्या हा कोंकणांतल्या काजूबागाइतदाराचा जुना वैरी आहे, हें निराळें सांगावयास नको.

मात्र हुमल्यांची स्तुति बेताची केलेली बरी. ते झाडावरील पिठ्या ढेकणासारख्या गोड चिकटा देणाऱ्या किडींचें रक्षण करतात. बोंडें काढणाऱ्या गड्यास फोडून काढतात. आणि फुलांत दबा धरून बसले तर कांहीं जातींच्या माशा तिकडे फिरकत नाहींत. म्हणून काजूवर त्यांस राहूं द्यावें, भोपळ्याच्या वेलावर आणूं नये. ओडिशांतील मयूरभंजाकडे याच मुंग्यांची चटणी करून खातात आणि २०२४ मध्यें त्या चटणीस भौगोलिक मानचिन्ह मिळालें आहे. ही गोष्ट आमच्या घरीं सांगितली तेव्हां पानावर बसलेल्या मंडळींनीं विषय बदलण्याची विनंति केली.

आतां मुख्य मुद्दा, म्हणजे दिरांचें औषध. ‘झाडपाल्याचें आहे, म्हणजे निरुपद्रवी आहे’ हें वाक्य आज जितकें ऐकूं येतें तितकें पूर्वीं कधीं येत नव्हतें, आणि तें खोटें आहे. बचनाग झाडपाल्याचाच, धोतराही झाडपाल्याचाच. ज्या वनस्पतींनीं किडे मरतात त्यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध म्हणजे शेवंतीच्या जातीचें एक पांढरें फूल, पायरेथ्रम. मूळचें डाल्मेशियांतलें; पुढें केनियांत त्याची मोठी लागवड झाली. त्याच्या भुकटीपासून जपानांत उयेयामा नांवाच्या गृहस्थानें १८९० मध्यें डांस पळविणारी उदबत्ती केली. ती लवकर जळून जाई, म्हणून तिला वेटोळें द्यावें अशी कल्पना त्याच्या पत्नीनें काढली. आजची कासवछाप आकाराची वडी ती हीच, जरी आतां तींत बहुधा कारखान्यांत केलेलें त्याच जातीचें द्रव्य असतें. तर हें फूल माणसास सौम्य, पण मधमाशीस जालीम. अंगावर पडलें कीं ती उलथीपालथी होऊन मरते.

दुसरें उदाहरण तंबाखूचें. तंबाखूचा काढा मावा मारण्यास जुने माळी वापरीत. त्यांतलें निकोटिन माणसाच्या कातडींतूनही अंगांत भिनतें. याच निकोटिनप्रमाणें मज्जातंतूंवर घाला घालणारीं कृत्रिम औषधें रसायनशास्त्रज्ञांनीं बनविलीं. त्यांतलें पहिलें १९९१ पासून बाजारांत आलें. बियाण्यास चोळलेलें हें औषध झाडाच्या रसांत चढतें आणि फुलांच्या मधांतही उतरतें. फ्रान्सांतील मधपाळांनीं सूर्यफुलाच्या शेतांवरून आरडाओरडा केला, तेव्हां १९९९ मध्यें त्या सरकारनें सूर्यफुलावरचा त्याचा वापर थांबविला. आणि २०१८ मध्यें युरोपीय संघानें त्या वर्गांतील तीन औषधें उघड्या शेतांत वापरण्यास बंदी केली.

कडुनिंबाची जात या दोहोंहून निराळी. तो मारण्यापेक्षां उपाशी ठेवतो. आपल्या आज्या-पणज्या गव्हांत त्याचा पाला घालीत, पण त्यांतलें द्रव्य कोणतें हें त्यांस ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक असण्याची त्यांस गरजही नव्हती. तें शोधण्याचें काम अनेक देशांनीं मिळून केलें. १९४२ मध्यें सलीमुज्जमां सिद्दिकी यांनीं निंबाच्या तेलांतून कडू द्रव्यें वेगळीं केलीं. १९५९ मध्यें सूदानांत टोळधाडीनंतर सगळें रान बोडकें झालें असतां कडुनिंब तेवढे हिरवे राहिले, हें श्मुटेरर या जर्मन शास्त्रज्ञानें पाहिलें. १९६२ मध्यें दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेंत प्रधान आणि त्यांचे सहकारी यांनीं निंबोळीच्या गराचें पाणी पिकावर शिंपडून टोळ तें पीक खात नाहींत असें दाखविलें. १९६८ मध्यें विलायतेंत बटरवर्थ आणि मॉर्गन यांनीं त्यांतील मुख्य द्रव्य ॲझॅडिरॅक्टिन वेगळें केलें. आणि त्याचा रेणु इतका गुंतागुंतीचा निघाला कीं तो प्रयोगशाळेंत बनविण्यास केंब्रिजच्या ले यांच्या मंडळीस बावीस वर्षें लागून २००७ साल उजाडलें. तें द्रव्य किड्याच्या कात टाकण्याच्या व्यवस्थेंत बिघाड करतें. अळीची खाण्याची इच्छा जाते, कात अर्धवट सुटते, आणि ती कोष न होतां मरते. जो पान खात नाहीं त्याच्या पोटांत तें फारसें जातच नाहीं. म्हणून मोठ्या मधमाशीस त्याचा त्रास पायरेथ्रमच्या मानानें पुष्कळ कमी. पण दाट केलेलें औषध परागाबरोबर पोळ्यांत गेलें तर अळ्यांस बाधू शकतें, तेव्हां येथेंही मोकळीक नाहीं.

याच निंबाच्या तेलापासून बुरशीनाशक करण्याच्या कृतीवर एका अमेरिकन कंपनीस व अमेरिकेच्या शेतकी खात्यास युरोपांत १९९४ मध्यें पेटंट मिळालें होतें. तें २००० मध्यें रद्द झालें आणि २००५ मध्यें अपीलही फेटाळलें गेलें. तेथें ‘आमच्या पूर्वजांस हें ठाऊक होतें’ एवढ्या बोलण्यानें काम भागलें नाहीं. तीच कृति पेटंटापूर्वींच येथें चालू होती, अशी एका भारतीय कारखान्याच्या व्यवस्थापकाची साक्ष पुढें यावी लागली. पूर्वजांचा अभिमान मलाही आहे. पण जुन्या वह्या आणि तारखा जपून ठेवण्याची संवय मात्र आपण त्या मानानें थोडी लावून घेतली आहे.

दिरांनीं आतां करावें तें असें. प्रथम बाटलीवरील बारीक अक्षरांत आंत काय आहे तें वाचावें. नुसतें ‘वनस्पतिजन्य’ लिहिलें असेल आणि द्रव्याचें नांव नसेल, तर तें औषध वापरूं नये. त्यापेक्षां घरचा निंबोळी अर्क बरा. पांच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून दहा लिटर पाण्यांत रात्रभर भिजत घालाव्या; सकाळीं फडक्यानें गाळून चोथा पिळून घ्यावा; दोनशें ग्रॅम साबण निराळ्या पाण्यांत विरघळवून त्यांत घालावा आणि सगळें मिळून शंभर लिटर करावें. परसास त्याचा दहावा हिस्सा पुरे. हें सायंकाळीं फवारावें, म्हणजे एक तर उन्हानें त्याचा गुण लवकर जात नाहीं, आणि दुसरें, माशा घरीं गेलेल्या असतात. पानाची खालची बाजू भिजली पाहिजे. फुलें टाळावीं. मावा दिसेल तेव्हांच फवारावें. नेमानें करण्याचें कर्म हें संध्या आहे, फवारणी नव्हे.

शेजाऱ्यांच्या मोहोळाविषयीं. आग्या माशी एका जागीं बारमाही राहत नाहीं. फुलोरा सरला कीं आपण होऊन दुसरीकडे जाते. उंचावर, वाटेपासून दूर असेल तर तें राहूं द्यावें, मुलांनीं धोंडे मारूं नयेत, खालीं धूर करूं नये. अगदीं दारांतच लागलें तर शिकलेल्या मधपाळास बोलवावें. पोळें न जाळतां मध काढण्याची रीत आतां शिकविली जाते. माशी डंखली म्हणजे त्या जागेस पिकल्या केळ्यासारखा वास येतो, आणि तो वास बाकीच्या माशांस ‘येथें डंखा’ अशी खूण ठरतो. म्हणून हात हलवीत उभें राहूं नये. तोंड झांकून जवळच्या घरांत शिरावें, दार लावावें, आणि नांगी नखानें खरडून ताबडतोब काढावी. पुष्कळ डंख झाले, किंवा श्वास लागूं लागला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां डॉक्टरांकडे न्यावें.

पत्राच्या शेवटीं भगिनींनीं विचारलें आहे कीं, धान्यांत घातलेल्या कडुनिंबाच्या पाल्यानें यंदा गव्हास बुरशी कशी आली. पाला ओला घातला असणार. तो सावलींत चार दिवस पसरून, हातांत चुरला असतां कुरकुरेल इतका वाळवावा, गहूंही उन्हें देऊन गार झाल्यावरच कणगींत भरावे, आणि मग थरावर थर देऊन तोंड बंद करावें.